पंधराशे मीटर आणि एक जादा फेरी

मध्यम पल्ल्याची धावपटू म्हणजे नेमकं काय, हे पुण्यात समजावून सांगणं अवघड आहे. शंभर मीटर लोकांना कळतं. मॅरेथॉन तर हल्ली सोसायटीतले सगळेच पळतात आणि पुढे वर्षभर तो टी-शर्ट घालून भाजी आणायला जातात. पंधराशे मीटर म्हटलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे दीड किलोमीटर? तेवढं तर मी रोज कुत्र्याला फिरवतो." अशा माणसांशी मी आता वाद घालत नाही. कुत्र्याचं अभिनंदन करते आणि निघते.

पुढे मी राष्ट्रीय विजेती झाले, परदेशातही पळून आले. पण त्याआधी कित्येक वर्षं मी फक्त दुसरी यायचे. तालुका असो, जिल्हा असो, राज्य असो, पहिली कोण हे बदलायचं, दुसरी मीच. घरात रौप्यपदकं इतकी साठली की आईने एकाच्या फितीने खिडकीचा पडदा बांधला होता.

याचं कारण माझं डोकं. वडिलांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा. लहानपणी मला तिथे ट्रकमधून उतरणारी पोती मोजायला बसवायचे आणि माझं मोजणं कधी चुकायचं नाही. ती खोड पायांत उतरली. पळतानाही मी मोजायचे. किती फेऱ्या झाल्या, किती सेकंद झाले, पुढची किती पावलं पुढे आहे, शेवटासाठी किती दम राखून ठेवायचा. आणि तो इतका नीट राखायचे की शर्यत संपायची आणि दम शिल्लक राहायचा. "शर्यत संपल्यावर तू फार छान पळतेस," असं आमचे सर एकदा म्हणाले.

सर म्हणजे कर्वेनगरातल्या एका शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. दिवसाला एखादं वाक्य बोलायचे आणि ते लागायचंच. शेवटी त्यांनी माझ्या मोजण्यावर बंदी घातली. पंधराशे मीटरमध्ये शेवटची फेरी उरली की अंतिम रेषेपाशी पितळी घंटा वाजवतात. सर म्हणाले, "मोजायचं काम घंटेचं. ती वाजली की जीव खाऊन सुटायचं. तोवर डोकं बंद." डोकं बंद ठेवायचं कसं, हे काही त्यांनी सांगितलं नाही. मी माझ्यापुरता उपाय काढला. जेवणाचा विचार करायचा. त्या काळात मी अळूच्या फदफद्याचा विचार करत जेवढे किलोमीटर पळाले, तेवढे कुणी पळालं नसेल.

तेव्हा मी खराडीला एका कंपनीत नोकरी करत होते आणि तिथेच आत्याकडे राहत होते. आत्याची सगळी जमीन आयटीवाल्यांच्या इमारतींखाली गेली होती, पण तिच्या मते ती कुठेही गेलेली नव्हती. मी आठव्या मजल्यावर कुठे बसते हे तिने एकदा खालून बघून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी तू आमच्या हिरीवर बसतीस. खाली वाकू नगंस." माझ्या सरावाला पहाटे उठून डबा भरून देणारी तीच. पण मैदानावर मात्र ती कधी आली नव्हती.

त्या वर्षी मॅनेजरने मला टीम लीड करायचं ठरवलं. पगार चांगला, पण वेळ अशी की सकाळही कंपनीची आणि संध्याकाळही. सराव संपला. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं, आणि रविवारी पुण्यातच राज्य स्पर्धा होती. जी पहिली येईल तिलाच राष्ट्रीय शिबिरात जागा. मी मनाशी ठरवलं, या वेळीही दुसरी आले तर बूट माळ्यावर टाकायचे आणि मुकाट्याने टीम लीड व्हायचं. ठरवलं खरं, पण भीतीने चार दिवस जेवण गेलं नाही. दुसरी येण्याची मला सवय होती. न पळण्याची नव्हती.

हे मी फक्त आत्याला सांगितलं.  रविवारी ती इरकल नेसून, मोठी पिशवी घेऊन माझ्या आधी दारात उभी राहिली. "मी बी येती," म्हणाली. रिक्षात मी तिला बजावलं की आरडाओरडा करायचा नाही, घसा बसतो, आणि तिथे सगळे शिट्ट्या वाजवतात. त्यावर ती म्हणाली, "बाईमाणसानं शिट्टी मारू नी. माझी माझी सोय हाय." पिशवीत काय आहे हे मी विचारायला हवं होतं. पण मी तेव्हा डोकं बंद करायच्या तयारीत होते.

आम्ही आठ जणी होतो. त्यांतली एक नाशिकची, उंच, लांब वेणीची. मागची दोन वर्षं मी तिचीच पाठ बघत आले होते. पिस्तूल उडालं, मी मुकाट तिच्या मागे लागले आणि फदफद्यात शेंगदाणे आधी घालावेत की नंतर यात शिरले. छान चाललं होतं. असं पळत पळत आम्ही अंतिम रेषेजवळ आलो आणि घंटा वाजली.

घंटा अशी वाजली की आजवर कुठल्याच मैदानावर वाजली नसेल. खणखणीत, लांबलचक, थांबायचं नावच नाही. मला वाटलं, राज्य स्पर्धा आहे, इथे घंटाही मोठी असणार. मी सुटले. माझ्यामागे आणखी चौघी सुटल्या. नाशिकची मात्र सुटली नाही. ही दमली वाटतं, असं मनात आलं आणि मला उकळ्या फुटल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही राखून न ठेवता पळाले. पूर्ण फेरी मारून रेषेपाशी आले तेव्हा पुढे कुणीच नव्हतं. मागे सुटलेल्या दोघी रेषेवर थांबल्या, आणि त्यांतल्या एकीने तर हात वर करून गुडघ्यावर बसून जमिनीचं चुंबन घेतलं.

आणि तेव्हा खरी घंटा वाजली. साधी, दोन ठोक्यांची, सरकारी.

मी वळून बघितलं. प्रेक्षकांत पहिल्या रांगेत आत्या उभी होती. हातात तिच्या गावच्या देवळातली आरतीची घंटा. तिने दोन फेऱ्या उरलेल्या असताना, मी समोरून गेले म्हणून, मला बळ यावं म्हणून, ती वाजवली होती. अख्खी एक फेरी अजून बाकी होती आणि माझ्याकडे एका जिन्याएवढाही दम नव्हता.

पुढचे शंभर मीटर मी निव्वळ रागावर पळाले. आत्याला मनातल्या मनात जे जे म्हटलं ते इथे लिहीत नाही, तिच्या घरात मी अजून जेवते. मग रागही संपला. पाय भिजलेल्या पोत्यांसारखे झाले. मागून नाशिकचीची पावलं ऐकू यायला लागली, शांत, एकसारखी. बाईने फेऱ्या मोजल्या होत्या. संपलं, मला वाटलं. उद्या जाऊन हो म्हणायचं. मला पळता पळता रडू आलं.

तेवढ्यात मैदानाच्या आतल्या बाजूने सर धावताना दिसले. सरांना धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर प्रेक्षणीय नव्हतं. ते ओरडत होते, "मोज! आता मोज!"

ते मला येत होतं. दहा पावलं मोजली. मग आणखी दहा. पुढचं काही बघायचं नाही, फक्त दहा. पोती उतरवताना हमाल ट्रककडे बघत नाहीत, पाठीवरच्या पोत्यापुरतंच बघतात. शेवटच्या दहांत वेणी माझ्या खांद्याशी आली, आणि ती पुढे सरकायच्या आत रेषा आली. मी खांद्याएवढ्या अंतराने जिंकले आणि आडवी झाले.

मग अर्थातच तक्रार झाली. जिने जमिनीचं चुंबन घेतलं होतं तिचे प्रशिक्षक तावातावाने भांडायला लागले की खोट्या घंटेने दिशाभूल झाली, निकाल रद्द करा. मुख्य पंच टोपी घातलेले, पेठेतले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खोटी घंटा सगळ्यांनाच ऐकू आली. फलकावर दोन फेऱ्या उरल्याचा आकडा होता. तो आम्ही वाचता येणाऱ्यांसाठी लावतो." निकाल कायम राहिला.

मी हसत उठले तर त्यांनी मलाही बोलावलं. "त्या घंटेवाल्या बाई आपल्या का?"

नाही म्हणावंसं फार वाटलं. आत्याला चांगलं खडसवायचं हे तोवर माझं ठरलेलं होतं, फक्त अंगात बळ यायची वाट बघत होते. "आत्या आहे," मी म्हटलं.

"शेवटची फेरी सुरू झाल्यावर त्या दोरी ओलांडून आमच्या टेबलापाशी आल्या," पंच म्हणाले. "त्यांच्या घंटेमुळे आम्ही आपल्याला एक फेरी जादा पळायला लावतोय, असा त्यांचा समज झाला होता. म्हणाल्या, चूक माझी हाय, पोरीला शिक्षा नगं. तिला थांबवा, राहिलेली फेरी मी मारती. चपला काढून रेषेवर उभ्या होत्या. दोघांनी धरून ठेवलं म्हणून बरं."

मी आत्याकडे बघितलं. ती खाली मान घालून, अनवाणी, पिशवी छातीशी धरून उभी होती. जिंकले हे तिला अजून कुणी सांगितलंच नव्हतं. मी लंगडत तिच्याजवळ गेले. 

"आत्या, तुला पळता तरी आलं असतं का गं?"

"पळता कशाला येतंय," ती म्हणाली. "पर चालत का हुईना, पुरी केली असती. तुजं पळणं बंद पडाय नगं हुतं."

मग मी तिच्या गळ्यात पडून रडले, आणि पंच आमच्यामागे तिच्या चपला घेऊन उभे राहिले.

सोमवारी मी कंपनीत राजीनामा दिला. अर्जात कारणाचा रकाना होता. त्यात मी लिहिलं, घरगुती.