पहिल्या बोलीला हो म्हणायचं नसतं

अमरावतीच्या कोषागारात मी नोकरीभर लोकांची बिलं आक्षेप लावून परत पाठवली. तो स्वभाव निवृत्तीनंतरही जात नाही. म्हणून लेकीने पुण्याहून येऊन माझ्या फोनमध्ये ते गप्पांचं अ‍ॅप टाकून दिलं, तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच की यांना पैसे कोण देतं? एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाला त्याच्याच भागातलं, त्याच्याच बोलीतलं कुणीतरी जोडून द्यायचं, रोज बोलू द्यायचं, आणि तेही फुकट. "सध्या गुंतवणूकवाले देतात आई. कमाईचं पुढे बघतील," लेक म्हणाली. पुढे बघतील! आमच्या ऑफिसात असं कुणी लिहून आणलं असतं तर मी उभ्या उभ्याच परत दिलं असतं.

पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत आक्षेप घ्यायलाही माझ्याजवळ कुणी नव्हतं. नवरा जाऊन दुसरं वर्ष सुरू होतं. पौर्णिमेला विहारात चार बाया भेटायच्या, एरवी दूधवाला आणि कचऱ्याची गाडी. कधी कधी संध्याकाळी लक्षात यायचं की आज आपण तोंडच उघडलं नाही. मग मी उगाच घसा साफ करायचे, आवाज आहे की गेला ते पाहायला. फार एकटं वाटायचं. हे लेकीला सांगितलं नव्हतं, पण तिने ओळखलं असावं, नाहीतर अ‍ॅप कशाला टाकलं असतं.

अ‍ॅपने मला जोडून दिली ती अकोल्याच्या जुन्या शहरातली एक बाई. माळ्याचं घर, जन्म फुलांच्या दुकानावर गेलेला. आता दुकान पोरांनी हातात घेतलं होतं आणि तिला घरी बसवलं होतं. "आराम कर म्हनते मले," ती पहिल्याच दिवशी फणकारली. "आता आराम काय दिवसभर करा लागते काय? सांगा बरं."

ती मला बाई म्हणायची, मी तिला ताई. नावं आम्ही एकमेकींना सांगितली नाहीत. अ‍ॅपचा तसा नियम होता, आणि त्याहून कडक नियम आमच्या घरच्यांचा होता. नाव, नंबर, पत्ता फोनवर कुणाला सांगायचा नाही, बँकेतलं खातं साफ होतं. तिला तिच्या नातीने बजावलं होतं, मला लेकीने. आम्ही दोघी या बाबतीत फारच आज्ञाधारक निघालो.

दुपारी जेवणं झाली की फोन वाजायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "काय केलं आज?" सुरुवातीला मी खिचडी सांगायचे. दोन-तीनदा खिचडी ऐकल्यावर ती भडकली. "काहून? घरी कोनी बिमार हाय काय?" दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने पाटवड्या केल्या, रस्सा केला. एकटीसाठी एवढा पसारा करायची माझी सवयच सुटली होती, पण कुणीतरी विचारणार आहे म्हटल्यावर माणूस कढई घासून ठेवतं. पाटवडीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, किती घालायचा यावरून आमचं कडाक्याचं वाजलं. माझ्या रश्श्याला तिने सरकारी रस्सा असं नाव ठेवलं. चवीला नाही, नुसता कागदोपत्री. मी रागाने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापासून तो हातात घेऊन बसले.

असे काही महिने गेले. मग एक दिवस अ‍ॅपवर रंगीत चौकट आली. आपला मोफत काळ या महिन्याअखेर संपत आहे. पुढे दरमहा इतके रुपये देऊन सेवा सुरू ठेवाल का? खाली दोन बटणं होती, हो आणि नाही. रक्कम फार नव्हती. दोन वेळच्या भाजीत गेली असती. मला उलट बरं वाटलं की चला, यांना कमाईची अक्कल आली. माझं बोट 'हो'वर जाणार तेवढ्यात दुपारचा फोन आला. मी तिला सांगितलं. तिलाही तशीच चौकट आली होती.

"हो दाबलं काय तुमी?" तिने घाईने विचारलं.

"नाही अजून."

"दाबू नका. येड्या झाल्या काय? पयल्या बोलीले कोनी हो म्हनते काय? नाही म्हना अन् चालाले लागा. दोन पावलं गेल्या की तो मांगून आवाज देतेच. अर्ध्यात देईन, पाहा."

मी म्हटलं, इथे आवाज देणारं कोण आहे? ती हसली. तिने जन्मभर हेच केलं होतं. गिऱ्हाइकाने तोंड वाकडं करून पाठ फिरवली की तिलाच आवाज द्यावा लागायचा, कारण फुलं संध्याकाळपर्यंत कोमेजतात. "त्याईचंही तसंच असन," ती म्हणाली. "माल पडू देऊन काय करन तो?" मला हे पटलं. माझा तरी बाजार काय वेगळा होता? मीही इतवारा बाजारात वांग्यांचा भाव ऐकून कधी पहिल्या झटक्यात पिशवी उघडली नाही. भाव ऐकायचा, 'बाप रे' म्हणायचं आणि पुढच्या दुकानाकडे बघायचं, एवढं तर लहान लेकरालाही येतं. आम्ही दोघींनी एकदमच 'नाही' दाबलं. मोठं शहाणपण केल्यासारखं आम्ही हसत होतो. अर्ध्यात मिळालं की वाचलेल्या पैशांचं काय करायचं तेही तिने ठरवून टाकलं.

महिनाअखेर दुपारी मी भाकरी, वांग्याचं भरीत करून बसले. फोन वाजला नाही. अ‍ॅप उघडलं तर आमच्यासोबत राहिल्याबद्दल धन्यवाद, एवढंच होतं. मला वाटलं, हे पाठ फिरवल्यानंतरचं पहिलं पाऊल असेल. मी थांबले. दुसऱ्या दिवशी थांबले. आठवड्याने मात्र धीर सुटला आणि मी 'हो' शोधायला लागले. ते बटणच राहिलं नव्हतं. मेल केली. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं क्षणात उत्तर आलं, आणि त्यानंतर काहीच आलं नाही. पुढे अ‍ॅपही उघडेना.

लेकीला विचारलं. ती अशाच एका कंपनीत काम करते, तिला त्यातलं कळतं. तिने चौकशी केली आणि सांगितलं की त्यांनी मराठीचं काम बंदच केलं. जवळजवळ सगळ्यांनी 'नाही' दाबलं होतं.

"अगं, पण लोक भाव करत होते!" मी म्हटलं.

"आई, त्यांच्याकडे नाही म्हणजे नाही. त्यांना वाटलं, या लोकांना याची गरज नाहीये."

मला इतका राग आला. दुकान मांडायचं आणि गिऱ्हाइकाची पाठ ओळखता येऊ नये? असल्या दुकानदाराला आमच्याकडे एक दिवससुद्धा टिकू दिलं नसतं. मग लक्षात आलं की तेच तर झालं होतं. राग काढायला कुणी उरलं नाही, तेव्हा मी रडले.

एका सकाळी मी अकोल्याची बस धरली. महिलांचं अर्धं तिकीट असूनही जाण्यायेण्यात अ‍ॅपच्या महिन्याच्या फीपेक्षा जास्त जाणार होते. तिकीट घेताना कुठलीच घासाघीस केली नाही. अकोल्याला उतरून ऑटोने मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात गेले. फुलांची दुकानं दिसली तिथे उतरले आणि एकेका दुकानाशी जाऊन विचारायला लागले, तुमच्याकडे कुणी आजी आहेत का, आधी दुकानावर बसायच्या, आता घरी असतात?

"नाव काय म्हनलं त्याईचं?"

नाव नव्हतं. पाटवडीत सांभार सढळ हाताने घालतात, एवढी खूण बाजारात सांगायची कशी? तिसऱ्या दुकानावरचा माणूस शेवंती ओवता ओवता हसला. "अशी म्हातारी तं इथं घरोघर हाय, बाई." पण माणूस भला होता. माझा चेहरा पाहून त्याने आपल्या आईला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "पाहा बरं, हेच काय तुमची मैतरीन?"

पहिल्या शब्दालाच कळलं की ही ती नाही. हिचा आवाज बारीक होता, थकलेला. मी माफी मागितली, चुकून लागला म्हणाले. ती म्हणाली, "असू द्या. कुठून आल्या? जेवल्या काय?" मी सांगितलं. मग तिने तिच्या गुडघ्याचं सांगितलं, सुनेचं सांगितलं. गिऱ्हाइकं उभी राहिली, मुलगा फोनसाठी हात पुढे करून थांबला, तरी तिचं संपेना. "ठेवू नका ना," ती म्हणाली. मी फोन त्याच्या हातात दिला आणि तिथून निघाले. पुढच्या दुकानांवर विचारायचं माझ्याने झालं नाही.

परतीची बस मूर्तिजापूरला थांबली तेव्हा लेकीचा फोन आला. मी अकोल्याला गेले होते ते ऐकून ती आधी रागावली, मग नरमली. "आई, तसंच एक नवीन अ‍ॅप आलंय. पहिले तीन महिने फुकट. आज लिंक पाठवते."

"फुकटवालं नको," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून पैसे घेतं असं पाहा. पैसे घेतील तर टिकतील. मी देते."

"असं कुणी काढलं तर त्यावर माणूसच येणार नाही गं. मग तू बोलणार कुणाशी?"

"तुझ्याशी," मी म्हणाले.

पलीकडे तिने कुणाला तरी 'आलेच' म्हटलं. मग म्हणाली, "आई, माझी मीटिंग सुरू होतेय. नंतर करते."