औशाच्या शिवारातली येळवस

आमच्याकडचे किल्ले बघायला दम लागत नाही. पुण्याकडची मंडळी डोंगर चढून घामाघूम होतात आणि आमच्या किल्ल्यांना नाकं मुरडतात. मुरडोत बापडी. औसा, उदगीर, कंधार, सगळे भुईकोट. औशाचा तर असा खोलगटात बसलाय, की जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. खंदकात कुठं कुठं हिरवं पाणी, दुहेरी तट, आणि गावाबाहेर पडलं की सरळ शिवार. ज्वारी, हरभरा, मधेच एखादा पाझर तलाव. गुडघेदुखीवाल्यानं चपला घालून हिंडावं असा सगळा कारभार. मी आणि माझी बायको, दोघं लातूरचे, लग्न झाल्यापासून असेच हिंडलो. तिला किल्ल्यापेक्षा तळ्याचं वेड. कंधारला किल्ला मी एकट्यानं पाहिला. ती तेवढा वेळ तळ्याच्या काठावर पाणकोंबड्या बघत बसली आणि मी परत आल्यावर मलाच म्हणाली, "झाली का तुमची दगडं बघून?"

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आमचं निघणं ठरलेलं असायचं. त्या दिवशी आमच्या भागात गावंच्या गावं ओस पडतात. सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधायची, तिच्यात पूजा मांडायची, आणि मग शेंगादाण्यांची, पालेभाज्यांची मिसळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, मडक्यातली आंबील. बांधावरून जाणारा ओळखीचा असो नसो, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. त्यानं नाही म्हणायचं नाही. आमच्याकडे शेताचा तुकडा नाही, वडिलांचं दुकान होतं आणि माझी नोकरी. म्हणून आम्ही रिकाम्या पिशवीनं निघायचो आणि परक्याच्या शेतात पोटभर जेवून यायचो. बायको म्हणायची, "ज्याला एक शेत नाही, त्याला सगळी शेतं आपलीच."

त्या वर्षी दसऱ्यापासून तिला घास उतरेना. आधी भाकरी अडकायची, मग भात, दिवाळीला तर चकली ती नुसती हातात घेऊन बसली. लातूरच्या डॉक्टरनं तिला आत झोपवून मला आणि पुण्याहून आलेल्या मुलाला बाहेर बोलावलं. अन्ननलिकेचा कॅन्सर, तोही पुढं गेलेला. मुलगा म्हणाला, आईला सांगायचं नाही. सून म्हणाली, नाही सांगायचं. माझा भाऊही तेच म्हणाला. आमच्याकडे असंच करतात. दुखणं ज्याचं, त्याला सोडून सगळ्यांना सांगतात. मग मी आत जाऊन तिला म्हणालो, "सूज आहे नळीला. औषधानं उतरेल." ती म्हणाली, "बरं."

मी तापट माणूस. मनात येईल ते तोंडात. आयुष्यभर तिच्यापुढं माझं एक खोटं टिकलं नाही, आणि आता उठल्यापासून झोपेपर्यंत तेच काम. आरशासमोर दाढी करताना सराव करायचो. "आज आवाज बरा वाटतोय तुझा." असली वाक्यं.

येळवस आली तशी ती म्हणाली, "औशाला जाऊ." मी चिडलो. खाता येत नाही आणि जेवणाच्या सणाला कशाला जायचं? ती म्हणाली, "पाणी बघू, किल्ला बघू. आणि आंबील तर पातळच असती की." आम्ही एसटीनं गेलो. खंदकाच्या कडेनं ती माझा हात धरून चालली. पूर्वी ती पुढं असायची आणि मी मागून ओरडत, हळू चल म्हणून. त्या दिवशी मी तिच्या पावलानं चाललो.

पहिल्या शेतात तिनं घोटभर आंबील घेतली. आंबट होती, घशाला झोंबली असणार, पण हसून म्हणाली, "झ्याक झालीय." त्या घरच्यांना वाटलं, पुढं कुणाकडं तरी जेवणार असतील. तलावाच्या भिंतीवर आम्ही बराच वेळ बसलो. पलीकडच्या कोपेतून एक बाई हात हलवून बोलवायला लागली. चाळिशीची असेल. बोरीच्या झाडाला निळा झेंडा बांधलेला. आम्ही लिंगायत, ते बौद्ध. आम्ही जवळ गेल्यावर तिनं क्षणभर माझ्या बायकोच्या कपाळावरच्या विभूतीकडं पाहिलं, हे मला दिसलं.

"या अक्का, या अण्णा. बसा."

पत्रावळी मांडल्या. बाईनं भज्जी वाढली, उंडे वाढले, वर तेल सोडलं. मी बकाबका खाल्लं. बायकोनं उंडा कुस्करला, भज्जीत कालवला, बोटानं इकडून तिकडं केला. तोंडाजवळ नेलेला हात खाली आणला. बाई बघत होती. घरचे बाकी लोक विहिरीकडं गेले होते. मी हात धुवायला कोपेच्या मागं घागरीपाशी गेलो, तेव्हा बाईचा आवाज आला.

"ऱ्हाऊ द्या अक्का. आमच्या हातचं तुमच्यात चालत न्हाई, म्हाईत हाय मला. मीच येडी, हाक मारली."

आवाज भांडणाचा नव्हता. सवय झालेल्या माणसाचा होता. मला वाटलं पळत जावं आणि सांगावं, बाई, तसं नाही. पण काय सांगणार? खरं सांगितलं तर बायको ऐकेल. मी ओल्या हातानं तिथंच उभा राहिलो. मधे फक्त कडब्याच्या पेंढ्या.

मग माझी बायको बोलली.

"तसं न्हाई बाई. तुझी शप्पत तसं न्हाई. मला गिळता येत न्हाई. कॅन्सर हाय मला. पुढची येळवस मला न्हाई."

मी घागरीचा काठ धरला.

"कुणालाच बोलले न्हाई मी," ती म्हणाली. "घरचे सूज म्हणून सांगून राहिलेत. माझा लेक महिन्यातून एकदा फोन करायचा, आता रोज सकाळ-संध्याकाळ करून राहिलाय. तवाच कळलं मला. पर तू आसं नगं समजूस, की मी तुझं अन्न टाकलं. तेवढं नगं समजूस."

आणि मग ती रडली. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला सासू गेल्यावर, मुलगा पुण्याला गेल्यावर रडताना पाहिलं होतं. हे तसलं नव्हतं. आतून काहीतरी उपसून काढल्यासारखं ती रडत होती, आणि बाई "अक्का, अक्का" एवढंच म्हणत होती. मग दोघी हलक्या आवाजात पुष्कळ बोलल्या. मला शब्द कळले नाहीत.

मी परत आलो तेव्हा बायकोनं तोंड पुसलं होतं. म्हणाली, "मिरची लागली भज्जीतली." मी म्हणालो, "तिखटच होती." बाईनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. एसटीत बायको माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

त्यानंतर ती चैत्रापर्यंत होती. मी रोज विचारायचो, "सूज उतरल्यासारखी वाटती का?" ती म्हणायची, "हाव, जरा कमी हाय." तिला माहीत होतं, हे मला माहीत होतं. तोंड उघडावं असं शंभरदा वाटलं. पण ती इतक्या कष्टानं जे सांभाळत होती, ते मोडायचा धीर झाला नाही. आणि खरं सांगू, मला रागही होता. माझ्या बायकोचं रडणं माझ्या हक्काचं होतं. ते एका अनोळखी बाईला मिळालं.

पुढच्या येळवशीला मुलगा फोनवर म्हणाला, वर्षाच्या आत सण करत नाहीत. मी म्हणालो, सण कोण करतंय, मी फिरायला चाललोय. किल्ल्यात शिरलोच नाही. तलावाच्या भिंतीवरून सरळ त्या शेतात गेलो. बाईनं लांबून ओळखलं. माझ्या मागं बघितलं, कुणी येतंय का. मग पत्रावळ मांडली.

मी म्हणालो, "त्या दिवशी मी मागं होतो. तिचं दुखणं कानावर पडलं. नंतर तुम्ही हळू बोललात, ते नाही आलं ऐकू. काय म्हणाली ती?"

बाई वाढता वाढता थांबली.

"तुमचंच बोलत हुत्या अण्णा. म्हनल्या, ह्यांना खोटं बोलायची सवं न्हाई. लई तरास हून राहिलाय ह्यांना. मी रडले तर आजून कठीन जाईल."

मी पुढ्यातल्या उंड्याकडं बघत राहिलो. हात उचलेना. बाईनं भज्जीचं भांडं खाली ठेवलं आणि समोर मातीत बसली.

"रडा अण्णा," ती म्हणाली. "त्याबी हितंच बसून रडल्या."

मी रडलो.