प्रशंसा : शून्य

मॅडमनी व्हिडिओ थांबवला आणि हातातल्या पेनानं माझ्याकडे खूण केली.

"आस्क हर," त्या टीमला म्हणाल्या. "शी कम्स फ्रॉम वन ऑफ दीज फॅमिलीज."

सात खुर्च्या माझ्याकडे वळल्या. पडद्यावर एक बाई तशीच अडकून राहिली होती. तिचे दोन्ही हात लेकीच्या तोंडाजवळ. कॅमेरा मुलीच्या पाठीमागे, त्यामुळे मुलीचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होते ते हात आणि बाईचे आवळलेले ओठ.

"इज दिस कॉमन?" रीसनं विचारलं. रीस आमच्यातला सगळ्यात तरुण. वेल्श, मनानं चांगला. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी हसले. मॅडम हसल्या म्हणून हसले. म्हणाले, "येस. व्हेरी कॉमन."

सगळ्यांनी लिहून घेतलं.

त्यांना वाटत होतं ती बाई लेकीला दटावतेय, अंगावर जातेय. ती काय करत होती ते मला ठाऊक होतं. त्यांना काय वाटतंय तेही ठाऊक होतं. तरी मी 'येस' म्हणाले. हे आधीच लिहून टाकते. पुढे मी कुणाबद्दल कडू बोलणार आहे, तेव्हा वाचणाऱ्याने म्हणू नये की ही स्वतःला वगळून बोलते.

मी परभणीची. आई बाळंतपणाच्या दवाखान्यात आया. बाप मी तीन वर्षांची असताना निघून गेला. नवऱ्यानं टाकलेली मावशी आमच्याकडे राहायला आली ती कायमची. दोघींनी मिळून मला वाढवलं. आमच्या घरात, आमच्या गल्लीत, मी पहिली पदवीधर. मग मानसशास्त्रात एमए, मग स्कॉलरशिप, मग इथे कार्डिफला एमएससी, मग ही नोकरी. हे मी मोठ्यानं सांगते. ज्यांना सगळं आयतं मिळालं त्यांनी विनम्र व्हावं. मी का होऊ?

नोकरी अशी. वेगवेगळ्या प्रकारच्या कुटुंबांत मुलं कशी वाढतात याचा अभ्यास. आई एकटी, बाप एकटा, दोन आया, आजीकडे वाढणारी मुलं, सगळे. आम्ही घरी जायचं. एक खेळण्यांचा खोका द्यायचा. आईला सांगायचं, दहा मिनिटं नेहमीसारखं खेळा. तिपाईवर कॅमेरा लावायचा. मग ऑफिसात बसून व्हिडिओ बघत गुण द्यायचे. प्रशंसा किती वेळा केली. कठोर शब्द किती. धमकीची हालचाल किती. आणि 'वॉर्म्थ'. म्हणजे माया. मायेला एक ते सात गुण.

मॅडम प्रमुख, प्रोफेसर. मूळ पुण्याच्या, नवरा हॉस्पिटलात कन्सल्टंट, घर लंडनच्या पैसेवाल्या स्टॅनमोरला. आठवड्यातून तीन दिवस कार्डिफला यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मराठीत विचारलं, "आडनाव काय म्हणालीस? म्हणजे तुम्ही मूळचे कोण?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अच्छा."

तो 'अच्छा' मला बालवाडीपासून ओळखीचा आहे. इतकी वर्षं, इतका समुद्र ओलांडून आले. तो माझ्या आधी येऊन बसलेला.

पडद्यावरच्या बाईचं नाव कविता. राहायला लंडनच्या दुसऱ्या टोकाला, इल्फर्डला. तिच्या घरी मीच गेले होते. कार्डिफहून पॅडिंग्टन, तिथून एलिझाबेथ लाइन. वर दोन खोल्या, खाली केसांचं दुकान. कविता केअर होममध्ये म्हाताऱ्यांना अंघोळी घालते. लेक आरोही, वय पाच. आणि घरात तिसरी शोभा. फॉर्म भरताना मी विचारलं, "या कोण?"

"माझी नणंद," कविता म्हणाली. "नवरा गेला, नणंद राहिली."

"भावानं पळ काढला," शोभा स्वयंपाकघरातून ओरडली. "मी म्हटलं, तू जा. मी नाही येत. पोरगी कोण बघणार?"

"भांडलो तर म्हणते, माझ्या भावाचं घर आहे हे!"

"मग? आहेच!"

दोघी खो-खो हसल्या. मी पण. माझ्या फॉर्मवर याला चौकट नव्हती. 'अदर'वर खूण केली.

मग कॅमेरा लावला. कविता तशी ताठ झाली. हसणं गेलं, पाठ सरळ. तिनं खोका उघडला, एकेक ठोकळा ओढणीनं पुसला आणि लेकीपुढे रंगानुसार लावून ठेवला. परक्याची वस्तू. खराब व्हायला नको. आरोहीनं ती रांग मोडली आणि उभी राहून शाळेत शिकलेली गोष्ट इंग्रजीत सुरू केली. खडाखड, न अडखळता, हातवारे करत. कविता बघतच राहिली. गोष्ट संपली. ती म्हणाली, "मेले, कुठं शिकलीस गं एवढं?" आणि दोन्ही हात लेकीच्या तोंडावरून उतरवून स्वतःच्या कानशिलांवर टेकवले. कडाकड बोटं मोडली. अलाबला घेतली.

मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. लेकराची पीडा आपल्या अंगावर घेणं आहे ते. याहून जास्त माया माणसाच्या हातांत मावत नाही.

गुणपत्रिकेवर मॅडमनी लिहिलं : प्रशंसा शून्य. कठोर शब्द एक. धमकीची हालचाल एक. ठोकळे पुसणं, लावणं, म्हणजे मुलीच्या खेळात ढवळाढवळ. माया : दोन.

गुण एका रेघेखाली गेले की ते कुटुंब कौन्सिलच्या चिल्ड्रन्स सर्व्हिसेसला, म्हणजे वेळ आली तर मूल घरातून काढून नेणाऱ्या खात्याला, कळवायचं, असा आमचा नियम. कविता रेघेखाली गेली होती. पण गुण दोघींनी द्यायचे असत. पहिली सही मॅडमची. दुसरी माझी. दोन्ही जुळल्या की फॉर्म कौन्सिलला. जुळल्या नाहीत तर व्हिडिओ बाहेरच्या तिसऱ्या माणसाकडे. म्हणजे इल्फर्डच्या त्या दारावर सोशल वर्कर जाणार की नाही, हे माझ्या सहीवर होतं. शुक्रवारपर्यंत.

मंगळवारची ती मीटिंग संपल्यावर मी जेवायच्या सुट्टीत आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ.

"आई, तू मला कधी शाब्बास म्हणलीस का गं?"

"काय झालं? बरं नाही का तुला?"

"सांग ना."

"कशाला म्हणू माय? आपल्याच लेकराला आपलीच नजर लावायची का?" मग मागे वळून, "अगं, ही विचारायली, शाब्बास का म्हणलं नाही!" तिकडून मावशीचा आवाज, "म्हणावं, तिकडच्या लोकांकडून घे! एवढी लांब गेलीस त्यासाठीच ना?"

दोघी हसत बसल्या. मी फोन ठेवला.

बीएचा निकाल लागला तेव्हा आईनं पेपरातला माझा फोटो बघितला, घडी घातली आणि म्हणाली, "जेव आता." जेवताना दोघींनी आळीपाळीनं माझ्या तोंडावरून हात उतरवला होता. कडाकड. दोनदा. प्रशंसा शून्य. धमकीची हालचाल दोन. दोन बायका, घरात पुरुष नाही.

मग मला दिसलं, मी सकाळी काय केलं ते. मी हसून माझ्या आईला नापास केलं होतं.

गुरुवारी मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. मराठीत बोलायचं असलं की दार लावून घ्यायच्या.

"ते इल्फर्डचं साइन करून टाक गं. पेंडिंग दिसतंय."

"मॅडम, ती अलाबला घेत होती."

"माहितेय मला."

मला वाटलं होतं त्यांना कळलं नसेल. इतकी वर्षं इथे, विसरल्या असतील. दोन दिवस मी त्यांच्यासाठी सबबी शोधत होते. "माहितेय मला." दोन शब्दांत सगळ्या सबबी संपल्या.

"मग धमकी कशी लिहिली?"

"अगं, एक हालचाल धरून बसू नकोस. ओव्हरऑल बघ. ते घर बघितलंयस तू. दोन बायका, शिफ्टच्या नोकऱ्या, नवरा पळालेला. सोशल वर्कर गेली तर मदतच होईल त्यांना. मी वाईट नाही चिंतत कुणाचं."

"मार्चमध्ये तुमच्या नातीच्या वाढदिवसाला मी आले होते," मी म्हणाले.

आले होते. स्टॅनमोरला. पाहुणी म्हणून बोलावलं आणि अर्ध्या तासात, "तू घरचीच गं, जरा त्या डिशेस उचलतेस का?" मी उचलल्या. नातीनं पियानो वाजवला. मॅडमच्या सासूबाई, नव्वदीच्या, खुर्चीतून उठल्या आणि पणतीच्या तोंडावरून हात उतरवून कडाकड बोटं मोडली. शेजारच्या गोऱ्या बाईनं विचारलं, हे काय? मॅडम छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "इट्स अवर वे ऑफ ब्लेसिंग अ चाइल्ड." सगळे "ऑ" म्हणाले. कुणीतरी तर परत करायला लावून फोटो काढला.

"ते वेगळं," मॅडम म्हणाल्या.

"काय वेगळं?"

"कॉन्टेक्स्ट वेगळा. आमच्या घरात..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ, तू पर्सनल घेतेयस. तू तुझ्या बॅकग्राउंडमधून वर आलीस, आय अ‍ॅडमायर दॅट. पण तू एक्सेप्शन आहेस. तुझ्याकडे बघून सगळ्यांना पास करता येत नाही. आणि तुझं कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टला आहे ना रिन्यू व्हायचं?"

आवाज इतका गोड होता. प्रसादाला हात पुढे करायला सांगावं तसा.

मी दार उघडलं. उघडंच ठेवून बाहेर आले.

माझ्या गुणपत्रिकेवर मी लिहिलं : माया, सात. धमकी, शून्य. ढवळाढवळ, शून्य. शेऱ्याच्या जागेत मावेना म्हणून वेगळा कागद जोडला. बाई काय करत होती, का करत होती, कोणाकोणाच्या घरी करतात. खाली सही. पूर्ण नाव, आडनावासकट, ठळक.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, एका केसमध्ये गुण जुळत नाहीयेत, आपण ऑफलाइन, म्हणजे मीटिंगबाहेर, बघू. पुढच्या मुद्द्यावर जायला लागल्या. मी उभी राहिले.

"मंगळवारी मी तुम्हाला फसवलं," मी इंग्रजीत म्हणाले. "त्या हातांबद्दल. आता खरं दाखवते."

रीस शेजारी बसला होता. मी त्याला विचारलं, "मे आय?" तो गोंधळून हो म्हणाला. मी त्याच्या तोंडावरून हात उतरवले, माझ्या कानशिलांवर टेकवले आणि बोटं मोडली. दहाच्या दहा वाजली.

"हे दुसऱ्याचं संकट स्वतःवर घेणं आहे," मी म्हणाले. "याला आपण धमकी लिहिलंय. आणि हे लिहून आपण कौन्सिलला पाठवणार आहोत."

"बट दॅट्स..." रीसचा चेहरा लाल झाला होता. "दॅट्स लव्हली."

"खात्री करायची असेल तर प्रोफेसरांना विचारा. त्यांच्या घरी मार्चमध्ये झालं होतं. तिथे त्याला ब्लेसिंग म्हणतात."

सात खुर्च्या परत वळल्या. या वेळी तिकडे.

मॅडम म्हणाल्या, "थँक यू. दॅट वॉज व्हेरी इमोशनल." आणि पुढचा मुद्दा घेतला.

व्हिडिओ तिसऱ्या माणसाकडे गेला. त्यानं माझा कागद वाचला. कविता रेघेच्या वर आली. फॉर्म गेला नाही. इल्फर्डच्या त्या दोघींना यातलं काहीच माहीत नाही. त्यांचे आभार मला नकोत. तसंही, मंगळवारी सही मागितली असती तर मी देऊन बसले असते. आणि माझ्याआधी, मी नसताना, किती हात धमकी म्हणून नोंदले गेले, ते मला कुणी सांगणार नाही. गुणपत्रिका कपाटात आहेत. किल्ली मॅडमकडे.

ऑगस्टला माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं. मॅडमच्या शिफारसपत्रात ओळ आहे : कष्टाळू, पण विषयापासून अंतर राखणं जड जातं. स्टॅनमोरच्या दिवाणखान्यातून इल्फर्डच्या खोलीपर्यंतच्या अंतरालाच शास्त्र म्हणतात, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी पीएचडीचा अर्ज केला. दुसऱ्या शहरात. विषय : गुण देणाऱ्यांचा अभ्यास. कुटुंबांवर नाही, कुटुंबांना मोजायला जाणाऱ्यांवर. ते कुठल्या घरातून येतात, त्यांना लहानपणी कोणी भरवलं, तोच हात कुठल्या घरात आशीर्वाद दिसतो आणि कुठल्या घरात मार. तिपाई त्यांच्यासमोर लावायची. दहा मिनिटं, नेहमीसारखं काम करा म्हणायचं.

मुलाखतीला तिघं होते. मधले गृहस्थ कागद चाळत म्हणाले, प्रस्ताव चांगला आहे, फक्त सूर जरा हॉस्टाइल वाटतो. तो मवाळ करता येईल का?

"नाही," मी म्हणाले.

स्पष्टीकरण द्यायची सवय आहे मला, ती त्या खोलीत मोडली.

उत्तर अजून आलेलं नाही. जागा मिळाली तर तिथे बसून करीन. नाही मिळाली तर नोकरी करून, सुट्टीच्या दिवशी, माझ्या पैशानं करीन. पण करीन. आणि ज्या दिवशी ते काम छापून येईल, त्या दिवशी पहिली प्रत स्टॅनमोरला जाईल. सहीसकट.