निळ्या सावलीतला फोटो

लिहिणार: मी, दिचोलीच्या सरकारी कचेरीबाहेर गेली एकवीस वर्षे अर्ज लिहिणारा; शिक्षण सातवी, अनुभव त्याहून पुष्कळ. ज्यांच्याविषयी लिहिले: माझ्या टेबलाशेजारी लहान मुलांचे फोटो काढणारे एक वयस्क गृहस्थ, मूळ गाव कोरगाव, तालुका पेडणे. त्यांचे नाव त्यांच्या परवानगीवाचून देत नाही. दिनांक: दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातला एक मंगळवार आणि त्याच आठवड्यातला शुक्रवार. साक्षीदार: लाटंबार्से येथील एक माता आणि तिची तेव्हा आठ वर्षांची मुलगी.

सदर गृहस्थ फोटो काढण्यापूर्वी मुलाचे खांदे धरून त्याला हळूच फिरवीत आणि स्वतःशीच म्हणत, “सूर्य पाठीर, मळब तोंडार.” मळब म्हणजे आकाश. सूर्य पाठीमागे गेला की मूल डोळे बारीक करीत नाही, आणि मोकळ्या आकाशाचा मऊ उजेड त्याच्या चेहऱ्यावर सारखा पसरतो. मग ते स्वतः गुडघ्यांवर बसत. मुलाचा फोटो उभ्याने वरून काढणे हा त्यांच्या मते मुलाचा अपमान होता. “सायब कोण? तो,” असे म्हणून ते चड्डीतल्या सायबापुढे नम्र होत.

वाचकहो, आपणही असे कोणी पाहिले असेल. मी त्यांना विचारीत असे, “आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तुमचे काम काय उरले?”

“फोटो मोबायल काडटा. हांव रेत्राट काडटां. अर्ज कोणूय बरयता, पूण लोक तुमचेकडेन कित्याक येतात?”

रेत्राट म्हणजे माणूस समोर बसवून टिपलेली छबी. हे उत्तर मला आवडे, म्हणून मी तोच प्रश्न वरचेवर विचारी.

आमच्याकडची तांबडी माती उन्हात खालून मुलांच्या गालांवर तांबूस रंग चढवते. त्यावर उपाय म्हणून ते मुलाच्या पायांशी जुने पांढरे धोतर अंथरीत. त्याच्या उजेडाने डोळ्यांखालची काळी सावलीही निघून जाई. संध्याकाळी ते धोतर झटकत आणि सर्व धूळ माझ्या कागदांवर बसे. मी एकदा रीतसर लेखी हरकत दिली. त्यांनी ती पूर्ण वाचली, घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, “अक्षर बरें आसा.” धूळ चालूच राहिली.

आता मंगळवारची हकीकत. उपरोक्त माता काजूच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन मुलीसह भर बारा वाजता आली. मुलीचे केस, भुवया, पापण्या जन्मापासून पांढऱ्या. नजर अधू, आणि उजेड तर डोळ्यांना मुळीच सोसत नसे. तिला अधू दृष्टीचा दाखला हवा होता, म्हणजे शाळेत मोठ्या अक्षरांची पुस्तके आणि परीक्षेत जादा वेळ मिळाला असता. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत होती. त्यानंतर डॉक्टरांची बैठक थेट पावसाळा संपल्यावर, आणि तोवर मुलगी फळ्यावरचे काही न दिसता वर्गात बसून राहणार.

“आतां सूर्य माथ्यार,” ते म्हणाले. “चार वरांचेर येयात.”

“चारपर्यंत थांबलंय तर बस चुकतली,” ती म्हणाली.

आंब्याखाली नेऊन पाहिले. पानांतून कवडसे गळत होते. एक कवडसा कपाळावर, एक पापणीवर. मुलीने डोळे घट्ट मिटून घेतले. तेव्हा मी पुढाकार घेतला. माझ्या टेबलाच्या वर छपरासारखे निळे प्लास्टिक ताणलेले असते. “इथे बसवा,” मी आज्ञा केली.

“भाऊ, ही सावळी निळी.”

“सावलीला रंग असतो काय? मी वर्षानुवर्षे इथे बसतो, मी निळा झालो?”

“तुमी काळेच, तुमकां कितें जातलें! ती धवी.”

धवी म्हणजे पांढरी, तिच्यावर निळा चढणार; पण मी ऐकले नाही. मुलीचे डोळे अर्धे उघडल्याबरोबर फोटो काढवून घेतला. ते “रंग सारको करूंक दियात” म्हणत असताना मी छापील प्रत त्यांच्या छोट्या छपाई यंत्रातून ओढली, डिंक लावला आणि अर्जावर चिकटवून बाईंना खिडकीवर पाठवले.

शुक्रवारी पहिल्या बसने त्या परत आल्या. “भाऊ, सायबान अर्ज परत केल्यान. तोंड निळा दिसता म्हणता.”

मुलगी आईच्या पदराआडून म्हणाली, “माका फोटोच नको. शाळेत आधीच भूत म्हणतत.”

मी पेनाचे टोपण शोधू लागलो. ते मात्र मुलीपुढे वाकून म्हणाले, “माझ्या मशिनीचो दोष, बाये. तुजो न्हय.”

घाई कोणाची होती, हे येथे नमूद झालेलेच आहे.

त्यांनी तिला कचेरीच्या मागच्या पडवीत नेले. सूर्य छपराच्या पलीकडे होता आणि समोर मोकळे शेत. मी आपणहून धोतर पुढे केले. “आज तें नाका. हिका उजवाड जास्त जाता,” असे म्हणून त्यांनी माझीच काळी छत्री मला तिच्या डोक्यावर धरायला लावली. स्वतः गुडघ्यांवर बसले.

“बाये, दोळे धांप. कोणूय घाई करचो ना. आतां आवयच्या हातांत बांगड्यो कितल्यो, मेज पळोवया.”

आईच्या बांगड्या मोजण्यासाठी मुलीने मिटलेले डोळे उघडले. “पाच, सहा, सात…” सात आणि आठ यांच्यामध्ये कॅमेरा वाजला.

नंतर ते रंग जुळवीत बसले. मी घड्याळाकडे पाहिले आणि ते मनगटावरून काढून खिशात ठेवले. प्रत हातात येताच आईने ती उजेडात धरली. करड्या रंगाचे मोठे डोळे, पूर्ण उघडे, किंचित हिशेबी. “ह्ये माझ्या आवशीचे डोळे,” ती स्वतःच्या आईला आठवून म्हणाली. “फोटोत कधी गावलेच नव्हते.”

अर्ज त्याच दिवशी दाखल झाला आणि डॉक्टरांच्या बैठकीनंतर दाखलाही मिळाला. मुलगी आता पहिल्या बाकावर बसते, आणि आई सांगते की वर्गात फार बोलते.

जन्मभर मुलांपुढे टेकलेले त्यांचे गुडघे गेल्या वर्षी कामातून गेले आणि ते कोरगावला लेकीकडे राहायला गेले. त्यांच्या जागेवर कोणीतरी स्कूटर उभी करतो. मुलांचे फोटो आता आया स्वतःच काढतात, भर उन्हात, उभ्याने. मी दोघा-तिघींना त्यांचे म्हणणे समजावून सांगितले. एकीने ऐकले.

परवा त्या बाई दुसऱ्या कामासाठी आल्या, तेव्हा मी रीतसर कबुली दिली, की त्या दिवशीचा दोष मशिनीचा नव्हता, माझा होता. बाई हसल्या. “माका म्हायत होता, भाऊ. प्लास्टिक मशिनीर नव्हता, तुमच्या डोक्यार होता.”

सबब विनंती अशी की, कोरगावच्या सदर गृहस्थांनी उपरोक्त दोष, जो त्यांनी एका मुलीसमक्ष स्वतःच्या नावावर घेतला, तो माझ्या नावावर वर्ग करावा. हे काम टपालाने होण्यासारखे नाही. गुडघ्यांमुळे आपण येऊ नये; मी रविवारच्या सकाळच्या बसने हजर होतो. घरी आहात किंवा कसे, एवढेच दोन ओळींत कळवावे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला शेजारी