हात सुटले त्या दिवशी

माझं तारण झालं आहे की नाही, हे मला अकरा वर्षं ठाऊक नव्हतं. बाप्तिस्मा झालेला होता, रविवारची उपासना कधी चुकली नव्हती, आणि मंडळीतले लोक मला भला विश्वासणारा समजत. पण प्रार्थनेला डोळे मिटले, की माझ्या आत कोणीतरी हळूच विचारायचं, "तुझं नाव अजून जीवनाच्या पुस्तकात आहे, की पुसलं गेलं?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. उत्तर नसलेला माणूस जे करतो तेच मी करत होतो. जास्त काम करत होतो, जास्त उपास धरत होतो आणि कोणाला काही कळू देत नव्हतो.

आम्ही दोर वळणारे. हसनाबादला गावाबाहेर आमची वस्ती होती. अंबाडीच्या वाखाला पीळ देत मी मोठा झालो. निजामसरकारचा अंमल होता, मोटेच्या विहिरी जागोजागी होत्या, त्यामुळे आमच्या दोराला तालुकाभर मागणी असे. विशीत असताना मी प्रभूची गोष्ट ऐकली, ती मनात बसली, आणि बायकोसह बाप्तिस्मा घेतला. माझी आई मात्र आपल्या देवापाशीच राहिली. मला तिने अडवलं नाही, पण माझ्याबरोबर आलीही नाही.

पुढे माझी मुलगी रूथ तीन वर्षांची असताना तिच्या अंगावर देवी आल्या. डोळे चिकटले, घशाखाली पाणी उतरेना. तीन दिवस मी प्रार्थना केली. चौथ्या दिवशी सकाळी आई माझ्यापुढे पाण्याची घागर घेऊन उभी राहिली. म्हणाली, "लेका, तुझ्या देवाला मी नावं ठेवीत न्हाई. पर पोर हातची जाऊन राह्यली. ओलेत्यानं मरीआईला एक घागर पाणी घाल. तुझं काय जातंय?"

मी गेलो. अंगावर पाणी ओतून घेतलं, ओल्या धोतराने ती घागर लिंबाखालच्या शेंदरी दगडावर रिकामी केली आणि कपाळ टेकवलं. नुसतं दाखवायला नाही, मनापासून टेकवलं. हे लिहिताना आजही लाज वाटते. रूथ वाचली. चेहऱ्यावर वण राहिले, पण पोर उठून बसली, आणि माझ्या जिवाला घोर लागला. तिला वाचवलं कोणी, हा प्रश्न मी कधी सोडवूच शकलो नाही. प्रभूचं नाव घेऊन चार वर्षं झाली नाहीत तोच मी पाठ फिरवली होती, एवढं मात्र पक्कं कळत होतं. आई पुढच्याच उन्हाळ्यात गेली. आता ती गोष्ट माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, असं मी धरून चाललो.

त्यानंतर मी देवाला घट्ट धरून ठेवायचा चंग बांधला. उपासनेच्या आधी प्रभूचं देऊळ झाडायचो. मंडळीच्या शाळेसाठी फुकट दोर वळून द्यायचो. परतूरला सभा असली तर दोन दिवस आधीच चालत निघायचो. आमची मंडळी सांभाळणाऱ्या पाळकसाहेबांकडून अक्षरं शिकलो आणि रूथला शेजारी बसवून एकेक शब्द जोडत पवित्र शास्त्र वाचू लागलो. पण प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं ताट जवळ आलं, की मी अडकायचो. न घ्यावं तर लोक विचारतील, घ्यावं तर आत जळेल. मी घ्यायचो, आणि जळायचं. रूथच्या गालावरचे वण दिसले की मान दुसरीकडे वळवायचो. बिचारीला वाटे, बापाला आपला चेहरा आवडत नाही. तेवढं दुःख मी तिला विनाकारण दिलं.

अशात पाळकसाहेबांनी मला वडीगोद्रीला जायला सांगितलं. तिथे काही घरं नव्याने विश्वासात आली होती. त्यांच्यात राहून त्यांना सांभाळणारा, शिकवणारा माणूस हवा होता. मी नाही म्हणालो. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा दोराच्या धंद्याची सबब सांगितली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "पाऊस लागायच्या आत मला हो की नाही सांगा. ती माणसं वाट पाहत आहेत." मी मान डोलावली खरी, पण मनात म्हटलं, ज्याला आपल्याच तारणाचा भरवसा नाही, तो त्या माणसांना कोणत्या तोंडाने सांगणार, की भिऊ नका, तुम्ही सुरक्षित आहात?

तो उन्हाळा फार कडक होता. शाळेच्या आवारातला आड आटला. गाळ काढल्याशिवाय पाणी लागणार नव्हतं, आणि आत उतरायचं काम माझ्याकडे आलं, कारण दोर माझा होता. इथे आमची एक रीत सांगायला हवी. आमच्या घरातला माणूस विहिरीत उतरला, तर दोर हातात धरूनच उतरतो, अंगाला बांधून घेत नाही. दोर वळणाऱ्यानेच बांधून घेतलं, तर विकत घेणारा म्हणणार, याचाच याच्या मालावर विश्वास नाही. माझा बाप तसाच उतरायचा, आजाही तसाच. बांधून घेणं हे पोरांचं आणि बादल्यांचं काम, अशी आमची घमेंड.

मी धोतर खोचून कठड्यावर चढलो. कडेला दोन मास्तर, शाळेचा चौकीदार, पाळकसाहेब आणि पाण्याचा तांब्या घेऊन माझी बायको, असे सगळे उभे होते. तेवढ्यात रस्त्यावर एक बैलगाडी थांबली. पिकल्या दाढीचा एक मुसलमान शेतकरी खाली उतरला. भोकरदनच्या बाजाराला निघाला होता, पाणी मागायला आला. आमच्या हातचं पाणी सहसा कोणी पीत नसे. त्याने मात्र ओंजळ पुढे केली, माझ्या बायकोच्या तांब्यातून पोटभर पाणी प्याला, आणि तोंड पुसत माझ्याकडे बघू लागला.

"भाई, हातानं धरूनच उतरून राह्यलास का?"

"दोर माझ्या हातचा हाय, चाचा," मी म्हणालो. "म्हैस टांगली तरी तुटायचा न्हाई."

"दोराला मी कुठं नाव ठेवलं? दोर बिलकुल पक्का हाय, दिसून राह्यलं. मी तुझ्या हाताचं बोलून राह्यलो. दोर थकत न्हाई, हात थकतो. बांधून घे."

मला राग आला. पण पाळकसाहेबांनी मान हलवून खूण केली, आणि तो गाडीवाला म्हातारा तर दोर घेऊन पुढेही आला. कमरेला आणि दोन्ही मांड्यांना त्याने असा फास घातला, की मी दोर वळणारा असून पाहत राहिलो. गाठ ओढून पाहिली, "आता बराबर" म्हणाला. हळद लागलेल्या नवरदेवासारखा सगळ्यांसमोर मुकाट उभा राहण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. उतरताना मुद्दाम दोन्ही हातांनी दोर गच्च धरला. बांधलं असलं तरी धरून मीच उतरतोय, हे सगळ्यांना दिसावं म्हणून.

आधी कंदील सोडून आतली हवा बघायची असते. पण माझ्या रागात आणि घाईत ते राहून गेलं. तळाशी उतरून मी चार-पाच टोपल्या गाळ भरून वर पाठवला. मग डोकं जड झालं. वरचा उजेडाचा गोल हलायला लागला. ओरडायला गेलो तर आवाज फुटेना. मी उडी मारून दोर धरला, होतं नव्हतं तेवढं बळ लावलं, आणि माझीच बोटं एकेक करून उघडताना पाहिली. त्या क्षणी मला मरणाची भीती वाटली नाही. अकरा वर्षांची ती जुनी भीती वाटली. आता सुटलो, आता त्याच्यासमोर उभा राहणार, आणि तो मला ओळखणार नाही. "प्रभू, आता धरवत न्हाई," एवढंच मनात आलं. मग काही आठवत नाही.

पुढचं बायकोने सांगितलं. दोर हलेना म्हणून त्यांनी ओढलं, पण मी ओल्या पोत्यासारखा झालो होतो आणि वरच्या माणसांना आवरेना. तोवर थांबून राहिलेल्या म्हाताऱ्याने गाडीचे बैल सोडून आणले, दोराचं टोक जुवाला बांधलं आणि बैल हळूहळू चालवले. मी वर आलो तेव्हा दोन्ही हात खाली लोंबत होते. म्हाताऱ्याने माझ्या नाकाशी तळवा धरला, "सास चालू हाय, पाणी मारा" म्हणाला, आणि बाजार मोडेल म्हणून लगेच निघून गेला. घाईत त्याचं नाव कोणी विचारलं नाही. नंतर मी तीन बाजारांना भोकरदनला जाऊन त्याला शोधलं, सापडला नाही. मी त्याला देवदूत म्हणत नाही. देवदूताच्या बैलांना गोमाश्या चावत नसाव्यात, आणि त्याचे बैल शेपट्या मारत उभे होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. माणूसच होता तो. पण नेमकी त्याच घटकेला त्याला तहान कशी लागली, याचा मी अजूनही विचार करतो.

शुद्धीवर आलो तेव्हा बाजेवर होतो आणि पाळकसाहेब शेजारी बसले होते. माझ्या तोंडून आधी पाणी मागितलं गेलं नाही, कबुली आली. घागर, ओलं धोतर, लिंबाखालचा दगड, सगळं सांगितलं. सांगताना लहान पोरासारखा रडलो. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं."

मी कोपराचा टेकू देऊन वर उठलो.

"तुमची आई दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आली होती. आत ये म्हटलं तरी आली नाही, दारातच उभी राहिली. म्हणाली, 'पाप माझं हाय. तुमच्या देवाला सांगा, माझ्या नावावर धर, माझ्या लेकाला सोडू नको.' तुम्ही आपणहून सांगाल म्हणून मी थांबलो. अकरा वर्षं थांबायला नको होतं. तेवढी माझी चूक झाली."

"आणि तरी तुम्ही मला प्रभुभोजनाची भाकर देत राहिलात?"

"भाकर माझी कुठं होती?" ते म्हणाले, आणि माझ्या अंगावरची चादर सारखी करून उठले.

मी परत आडवा झालो. आई आठवली. जिला मी अंधारात समजत होतो, ती माझ्यासाठी पाळकाच्या दारात उभी राहून आली होती, आणि मला कधी बोलली नव्हती. हाताचे तळवे पाहिले. दोराने सोलले होते. जितका वेळ जीव होता तितका वेळ मी धरलं होतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. संध्याकाळी रूथला जवळ बोलावलं आणि मेंढपाळाचा तो भाग वाचायला सांगितला, जिथे त्याच्या हातातून मेंढराला कोणी ओढून नेऊ शकत नाही असं आहे. तो मी कितीतरी वेळा वाचला होता. पण वाचताना दरवेळी मेंढराने कसं धरून राहावं, याच काळजीत असायचो. मेंढराला हातच नसतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. रूथ वाचत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, वणांसकट. किती वर्षांनी बघत होतो! तिने विचारलं, "बाबा, काय झालं?" मी म्हटलं, "काही न्हाई, वाच तू."

पाऊस लागायच्या आत आम्ही वडीगोद्रीला आलो. आता इथे बरीच वर्षं झाली. माझ्या मनात शंका येतच नाहीत, असं नाही. येतात. पण आता मी मुठी आवळत नाही. माझी पकड किती, हे मला माहीत आहे, आणि मला बांधणाऱ्याची गाठही मला माहीत आहे. त्या अनोळखी म्हाताऱ्यासाठी, माझ्या आईसाठी आणि उशिरा का होईना उघडलेल्या माझ्या हातांसाठी मी प्रभूचे उपकार मानतो.

गेल्या प्रभुभोजनाची गोष्ट. पाळकसाहेब आले होते, आणि मंडळीने नेमलेला वडीलधारा म्हणून मी भाकरीचं ताट घेऊन रांगेतून फिरत होतो. एक तरुण बाई, नवीनच विश्वासात आलेली, खाली मान घालून बसली होती. त्या आठवड्यात तिच्या पोराला देवी आल्या होत्या, तिच्या दारावरचा लिंबाचा टहाळा मी पाहिला होता. तिने ताट पुढे न्यायची खूण केली. मी हललो नाही.

"मामा, मला न्हाई चालायचं," ती कुजबुजली. "मी पाणी घालून आल्ते."

"मी पन घातल्तं," मी म्हणालो. "घे बाई. भाकर माझी न्हाई."

तिने वर पाहिलं. मग हात पुढे केला. तो भाकरीपाशी येऊन थांबला, तसं मी ताट एका हातावर तोललं आणि दुसरा हात तिच्या हाताखाली धरला.