उशाशी ठेवलेली बॅटरी

चष्म्याच्या दुकानात आयुष्यभर काचा घासलेल्या माणसाला गल्ली 'सेलकाका' म्हणते, यातच सगळं आलं. लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटऱ्या फोडायच्या, आतला एकेक सेल चार्ज करून तपासायचा, धडधाकट तेवढे निवडून त्यांची नवी बॅटरी बांधायची, हा काकांचा नाद. जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा सेलच जास्त. "सवत आणली असती तरी परवडलं असतं," काकू म्हणायच्या, "तिला निदान भांडी तरी घासायला लावली असती."

मग काकूंची फुप्फुसं थकली. हवेतून प्राणवायू गोळा करून देणारं यंत्र खाटेशेजारी आलं. वीज गेली की ते बंद. काका इरेला पेटले. दिवसरात्र खपून त्यांनी दोन तास यंत्र ओढेल अशी बॅटरी बांधली, तिला इन्व्हर्टर जोडला आणि अडीनडीसाठी ठेवलेला प्राणवायूचा सिलिंडर मोठ्या ऐटीत परत पाठवून दिला.

मीटरवर विश्वास ठेवायचा नाही, भार टाकून बघायचं, हा त्यांचा जुना नियम. एरवी महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे. पण इथे प्रश्न काकूंच्या जिवाचा, त्यामुळे काकांच्या मनाला रोज धास्ती. रोज दुपारी यंत्राची पिन भिंतीतून काढून बॅटरीवर लावायची, ती पार रिकामी होईपर्यंत काकूंच्या उशाशी बसायचं आणि मग ती चार्जिंगला लावायची. याला अतिशहाणपणा म्हणतात, पण काकांना सांगणार कोण?

व्हायचं तेच झालं. एका दुपारी रिकामी बॅटरी चार्जिंगला लावून काका हात धुवायला गेले आणि वीज गेली. यंत्र टूं टूं करत बंद पडलं. काकूंचे ओठ निळे पडायला लागले. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी खिडकीतून अशी काही हाक मारली, की शेजारचा टॅक्सीवाला अनवाणीच धावत आला. त्याने टॅक्सी खिडकीखाली आणली, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. काका इन्व्हर्टर घेऊन खाली धावले आणि टॅक्सीच्या बॅटरीला जोडू लागले. वायरीचा चिमटा दोनदा निसटला. अखेर लागला, आणि खिडकीतून खाली सोडलेल्या वायरीवर यंत्र घुरघुरलं.

वीज आली, टॅक्सीवाला गेला. काका खाटेच्या कडेला बसले आणि हमसाहमशी रडले.

"मीच रिकामी केली गं. रोज करत होतो. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही."

"माझ्या आली होती," काकू म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"



"एरवी कधी बसलात हो माझ्याजवळ? ती रिकामी होईपर्यंत तरी बसायचात."

काकू त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. पण जेवढ्या दुपारी मिळाल्या, तेवढ्या सगळ्या काका काहीही न तपासता त्यांच्याजवळ बसले.