अर्ध्या गडापर्यंतचे बाण

दसरा झाला की आमचं गिर्यारोहण मंडळ गडावर जाणाऱ्या वाटेतले पांढरे बाण नव्याने रंगवतं. पूर्वी माणसं इतकी येत की ब्रश पुरत नसत. यंदा आम्ही दोघेच होतो: सत्तरी ओलांडलेले अण्णा, आणि दम्यामुळे रंगाचा डबा धरण्यापुरता उरलेला मी. बाकीचे सभासद ग्रुपवर हात जोडून उपस्थित होते.

मागच्या वर्धापनदिनी मंडळाने अण्णांना ‘अखंड सेवे’ची शाल पांघरवली. अशा शालीचा एक गुण असतो. ती अंगावर आली की माणसाला ‘आता थकलो’ असं म्हणता येत नाही.

अर्ध्या गडावरच्या पठारापाशी अण्णांचे गुडघे थांबले. तेवढ्यात वरून काट्यांनी ओरबाडलेली चार पोरं उतरली.

“काका, पुढे एकही बाण दिसत नाही! चुकून थेट कड्यावर पोचलो. मंडळ झोपलंय का?”

“मंडळ तुझ्यासमोर बसलंय,” अण्णा म्हणाले. “हा डबा घे, वरचे तू रंगव.”

“आज नको काका, उशीर झालाय. पण या वयात तुम्ही, खरंच ग्रेट!”

अण्णांबरोबर फोटो काढून ती गेली. हात न लावता निघून जायचं असेल, तर कौतुकाइतकी सभ्य वाट दुसरी नाही.

अण्णा समोरच्या खडकावरच्या बाणाकडे बघत राहिले. मग माथ्याकडे जाणारा तो बाण त्यांनी दगडाने खरवडून काढला आणि तिथेच नवा रंगवला, खाली गावाकडे तोंड केलेला.